रानगंधाची कसोटी

साठच्या दशकातली गोष्ट. लाखनीपासून कोस-दीड कोसावरच्या आमच्या गावी धाकट्या भावाचा जन्म झाला, तेव्हा मी सात वर्षांचा होतो. माजघराला लागून असलेली अंधारी खोली बाळंतिणीसाठी सारवून घेतली होती. त्या खोलीत आम्हा मुलांना जायला मनाई होती. पण तिचा वास दाराच्या फटीतून घरभर फिरे. शेगडीतल्या निखाऱ्यांवर आजी ओवा, बाळंतशेपा आणि वेखंडाचा तुकडा टाकी. न्हाणीघरात निर्गुडीचा पाला घालून पाणी उकळत असे. आजही कुठे ओवा भाजला गेला, की मला ती खोली आठवते आणि खोलीबाहेर उकिडवी बसलेली आजी आठवते.

आजीची सात बाळंतपणे त्याच खोलीत झाली होती. तीच धुरी, तोच पाला. तरीही तिची दोन बाळे पहिला आठवडा ओलांडू शकली नाहीत. जबडा आवळला, अंग धनुकलीसारखे वाकले आणि संपले. सटवाईचा कोप, असे त्या वेळी सगळे म्हणत. आजी मात्र त्याबद्दल कधी बोलत नसे. धाकट्याच्या वेळी सरकारी दवाखान्यातली नर्सबाई उकळलेली कात्री घेऊन आली, तेव्हा घरातल्या पुरुषांना ते रुचले नव्हते. आजीनेच तिला आत नेले, आणि धुरीसुद्धा तिनेच घातली.

रानातल्या सुगंधी वनस्पतींमध्ये रोगजंतूंना मारण्याची शक्ती असते का, हा प्रश्न आज प्रयोगशाळांत विचारला जातो. त्याचे उत्तर देताना मला आजीची ती खोली विसरता येत नाही. कारण त्या खोलीत ती शक्तीही होती आणि तिची मर्यादाही.

बांधीतला आणि बोडीकाठचा सुगंध

भंडारा जिल्हा म्हणजे वैनगंगेचा, धानाचा आणि तलावांचा जिल्हा. कोहळी समाजाने आणि मालगुजारांनी बांधलेले तलाव, गावोगावच्या बोड्या, त्यांच्या पाण्यावर पिकणाऱ्या बांध्या, आणि बांध्या संपल्या की सुरू होणारे साग-येनाचे, मोहा-तेंदूचे जंगल, असा इथला भूगोल. १ मे १९९९ रोजी गोंदिया वेगळा जिल्हा झाला, तेव्हा नागझिरा आणि नवेगावबांध तिकडे गेले. पण रानाला जिल्ह्याच्या सीमा कळत नाहीत. कोक्याचे जंगल, ज्याला २०१३ मध्ये अभयारण्याचा दर्जा मिळाला, त्याच रानाचा अलीकडचा पदर आहे.

या मुलखात सुगंध शोधायला लांब जावे लागत नाही. दिवाळीनंतर धान कापून बांधी मोकळी झाली, की ओल धरून असलेल्या मातीत गोरखमुंडी उगवते. जांभळ्या-गुलाबी गोंड्यांची ही बुटकी वनस्पती पायाखाली चिरडली, की उग्र वास येतो. त्याच बांधीत निंदण करताना बायका ज्याला वैतागून उपटतात, त्या मोथ्याच्या गाठी सुगंधी असतात. नाल्याच्या काठाला वाळा. नागपूर-भंडाऱ्याच्या उन्हाळ्यात खिडक्यांना वाळ्याच्या ताट्या लावून त्यावर पाणी मारण्याची रीत कूलर येण्याच्या फार आधीपासूनची. दलदलीत वेखंड, कुंपणाला निर्गुडी, अंगणात तुळस. आणि जंगलातल्या मोकळ्या, कोरड्या माळावर तिखाडी.

तिखाडी म्हणजे पुरुषभर उंच वाढणारे गवत. संस्कृतातले रोहिष, व्यापाऱ्यांचे रोशा, वनस्पतिशास्त्राचे सिंबोपोगॉन मार्टिनाय. गुरे तिला सहसा तोंड लावत नाहीत. पाते चोळून नाकाशी धरले तर गुलाबाची आठवण होते. ती उगीच नव्हे. गुलाबाच्या अत्तरात असणारे जिरॅनिऑल हेच द्रव्य तिखाडीच्या तेलाचा मुख्य भाग असते. ‘मोतिया’ जातीच्या तेलात त्याचे प्रमाण शंभरात पंच्याहत्तर ते नव्वदपर्यंत जाते. ‘सोफिया’ जातीचे तेल त्या मानाने हलके समजतात.

या गवताचा एक जुना, थोडा मिश्कील इतिहास आहे. विदर्भ, खानदेश, निमाडच्या रानांत काढलेले रोशा तेल एकोणिसाव्या शतकात मुंबई बंदरातून तांबड्या समुद्राकडे आणि पुढे कॉन्स्टँटिनोपलला जाई. तिथे ते बल्गेरियाच्या महागड्या गुलाब अत्तरात बेमालूम मिसळले जाई. युरोपात या तेलाचे नावच ‘तुर्की जिरेनियम तेल’ पडले. ते मुळात कुठल्या रानातून येते, हे वापरणाऱ्यांपैकी फार थोड्यांना ठाऊक असेल.

डाग न पडणारे तेल

इथे तेल या शब्दाचा थोडा खुलासा करायला हवा. जवसाचे किंवा तिळाचे तेल कागदावर पडले तर डाग राहतो. निलगिरीच्या तेलाचा थेंब टाकून पाहा; काही वेळात तो उडून जातो आणि कागद जवळजवळ कोरा होतो. ही उडून जाणारी, सुगंधी तेले वेगळ्या घडणीची असतात. ती घाण्यात गाळता येत नाहीत, वाफेवर काढावी लागतात.

तिखाडीची भट्टी याच तत्त्वावर चाले, आणि आजही चालते. पावसाळा सरता सरता गवत फुलोऱ्यावर आले, की कापून मोठ्या भांड्यात दाबून भरायचे, खालून पाणी उकळायचे. वाफ गवतातून जाताना तेल बरोबर घेऊन निघते, थंड पाण्यातल्या नळीत तिचे पुन्हा पाणी होते आणि तेल त्या पाण्यावर तरंगते. शंभर किलो गवतातून जेमतेम अर्धा किलो तेल मिळते. जळणाचा खर्च, जंगलातून वाहून आणण्याची मेहनत आणि व्यापाऱ्याने पाडलेला भाव यांचा हिशेब केला, तर पदरात फार पडत नसे. आता लखनौच्या केंद्रीय औषधी व सुगंधी वनस्पती संस्थेने ‘तृष्णा’सारखे वाण काढून हे गवत शेतात आणले आहे.

पण वनस्पती हे तेल बनवते कशासाठी? आपल्या अत्तरासाठी नक्कीच नाही. झाडाला पळता येत नाही. बुरशी आली, कीड आली, जंतू आले, तर जागच्या जागी लढावे लागते. पानांतल्या आणि सालींतल्या सूक्ष्म पिशव्यांत साठवलेली ही तेले झाडाच्या शस्त्रांपैकी एक आहेत. कोणी किडे हाकलते, कोणी बुरशी रोखते, कोणी परागीकरणाला मधमाशी बोलावते. आपल्याला जो सुगंध वाटतो, ती झाडाची संरक्षणाची तजवीजही असते.

थाळीतले वर्तुळ

या शक्तीची परीक्षा घेण्याची पद्धत आता महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेतही करता येण्याइतकी सोपी झाली आहे. काचेच्या उथळ थाळीत जंतूंना पोषक असे खळीसारखे माध्यम ओततात. त्यावर जंतू सारखे पसरवतात. मग टिपकागदाची सहा मिलिमीटरची टिकली तेलात भिजवून मधोमध ठेवतात आणि थाळी चोवीस तास शरीराइतक्या उबेत ठेवतात. दुसऱ्या दिवशी सगळीकडे जंतूंची साय धरलेली असते. तेल प्रभावी असेल तर टिकलीभोवती एक स्वच्छ वर्तुळ दिसते. तिथे जंतू वाढूच शकलेले नसतात. वर्तुळ जितके रुंद, तितका प्रभाव अधिक, असा ढोबळ हिशेब.

अशी वर्तुळे ओवा, लवंग, तिखाडी, गवती चहा, तुळस यांच्या तेलांनी जगभरच्या थाळ्यांत उमटवली आहेत. ओव्याच्या बियांत शेकडा दोन ते चार भाग तेल असते आणि त्या तेलाचा मोठा हिस्सा थायमॉलचा असतो. लवंगेच्या तेलात युजेनॉल. ही द्रव्ये जंतूच्या पेशीभोवतालच्या स्निग्ध पडद्यात शिरतात, पडदा सैल करतात आणि पेशीतला ऐवज बाहेर झिरपू लागतो. सगळेच जंतू सारखे बळी पडत नाहीत. पुळी-गळू करणारे जंतू पुष्कळदा लवकर नमतात. ज्यांच्या अंगावर आणखी एक बाहेरचे कवच असते ते चिवट ठरतात. हिरवट पू करणारा सुडोमोनास तर भल्याभल्या तेलांना दाद देत नाही.

म्हणजे आजीच्या धुरीला अर्थ होता का? काही अंशी होता. या द्रव्यांचा उपयोग आधुनिक वैद्यकानेही नाकारलेला नाही. दातांच्या दवाखान्यात शिरताच जो ओळखीचा वास येतो, तो लवंगेतल्या युजेनॉलचा. किडलेला दात तात्पुरता बुजवताना ते जस्ताच्या भुकटीत कालवून वापरतात. गुळण्यांच्या औषधांत थायमॉल असते. आपल्या घरातली अमृतधारा तर मुलांना दाखवण्यासारखा प्रयोगच आहे. ओव्याचे फूल म्हणजे थायमॉल, पुदिन्याचे फूल म्हणजे मेंथॉल, आणि कापूर, हे तिन्ही घन पदार्थ एका बाटलीत घातले की आपोआप त्यांचे पाणी होते.

हे ज्ञान जतन करणारी माणसेही आपल्याकडे झाली. शंकर दाजीशास्त्री पदे यांचा ‘आर्यभिषक्’ कित्येक मराठी घरांत पंचांगाशेजारी असे. डॉ. कान्होबा रणछोडदास कीर्तिकर यांनी मेजर बसूंबरोबर भारतीय औषधी वनस्पतींचा प्रचंड ग्रंथ सिद्ध केला. तो १९१८ मध्ये प्रसिद्ध झाला. डॉ. वामन गणेश देसाई यांचा ‘औषधीसंग्रह’ १९२७ चा. हे दोघेही डॉक्टर पाश्चात्य वैद्यक शिकलेले होते, आणि म्हणूनच पाल्याला हसण्यापूर्वी तो तपासून पाहावा असे त्यांना वाटले.

थाळी म्हणजे शरीर नव्हे

मात्र इथेच थांबलो, तर अर्धेच सत्य सांगितल्यासारखे होईल. थाळीत वर्तुळ उमटवणारी प्रत्येक गोष्ट औषध नसते. फिनाइलही वर्तुळ उमटवील. ते कोणी पीत नाही. थाळीतल्या टिकलीवर तेल जितके दाट असते, तितके दाट रक्तात पोहोचवायचे झाले, तर जंतूंच्या आधी रोग्याचे यकृत आणि मेंदू पोळतील. शिवाय पोटात गेलेले तेल शरीर झपाट्याने मोडून टाकते. म्हणूनच या तेलांचा खात्रीचा उपयोग आजवर मुख्यतः त्वचेवर, तोंडात आणि हवेत झाला आहे. न्यूमोनिया, विषमज्वर किंवा क्षय त्यांनी बरा होत नाही.

दुसरी अडचण तेलाच्या स्वभावाची. एकाच जातीची तुळस दोन गावांत दोन तऱ्हेचे तेल देते. ऋतू, माती, कापणीची वेळ, भट्टीवरचा हात यांनी घटक बदलतात. गोळीसारखी ठरीव मात्रा त्यात नसते.

तिसरी गोष्ट सांगताना माझाच हात अडखळतो, कारण ती आपल्या लाडक्या बाळगुटीशी निगडित आहे. वेखंडाच्या तेलात असारोन नावाचे द्रव्य असते. भारतीय वेखंडात त्याचा बीटा प्रकार भरपूर आढळतो, आणि प्रयोगातल्या प्राण्यांत त्याने कर्करोग होतो असे दिसल्यावर अमेरिकेने १९६८ मध्ये वेखंड खाद्यपदार्थांत घालण्यास बंदी केली. आजी सहाणेवर वेखंडाचा एखादाच वेढा उगाळी, हे खरे. पण ‘रानातले आहे, म्हणजे अपाय नाही’ हे म्हणणे खरे नाही. बाळगुटी द्यायची की नाही, हे आज बालरोगतज्ज्ञाला विचारूनच ठरवावे.

आमच्या गल्लीत काही वर्षांपूर्वी दोन वर्षांच्या मुलाने देवघरातल्या कापराच्या वड्या तोंडात टाकल्या. घरच्यांना वाटले, देवाचाच कापूर, त्याने काय होणार! थोड्याच वेळात त्याला आकडी आली. वेळेवर दवाखाना गाठला म्हणून ते मूल वाचले. एखाद्या ग्रॅमएवढा कापूरही लहान मुलाच्या जिवावर बेतू शकतो. निलगिरीच्या तेलाचेही तसेच. ही तेले औषधाच्या कपाटात, मुलांचा हात पोहोचणार नाही अशा जागी ठेवायची असतात, आणि तान्ह्या बाळाच्या नाकाशी कापूर न्यायचा नसतो.

२०२१ च्या एप्रिलमध्ये कोरोनाची दुसरी लाट आली, तेव्हा कापूर, लवंग, ओवा आणि निलगिरीचे थेंब घातलेली पुरचुंडी हुंगली की रक्तातला प्राणवायू वाढतो, असे निरोप फोनाफोनी पसरले. त्याला कसलाही आधार नव्हता. वासाने नाक मोकळे झाल्यासारखे वाटते, एवढेच. पण त्या पुरचुंडीच्या भरवशावर ज्या घरांनी दवाखाना गाठायला उशीर केला, त्यांच्यासाठी ते ‘एवढेच’ राहिले नाही.

आणि आजीची ती दोन बाळे. त्यांना धनुर्वात झाला होता, हे आज लक्षणांवरून कळते. धनुर्वाताचे जंतू मातीत, शेणात, गंजक्या विळ्यावर बीजरूपाने चिवटपणे टिकून राहतात आणि कापलेल्या नाळेवाटे शिरतात. ओव्याच्या धुराने त्यांचे काहीच बिघडत नाही. ते काम गरोदर स्त्रीला दिलेल्या लसीने, स्वच्छ पात्याने आणि दवाखान्यातल्या बाळंतपणाने केले. नवजात बालकांचा धनुर्वात सार्वजनिक आरोग्याचा प्रश्न म्हणून उरलेला नाही, असे जागतिक आरोग्य संघटनेने भारताबाबत २०१५ मध्ये मान्य केले. पाचवीच्या रात्रीची ती जुनी धास्ती कुठल्या सुगंधाने गेली नाही.

मग हा खटाटोप कशाला?

असे असताना या तेलांच्या मागे का लागायचे? कारण ज्या प्रतिजैविकांनी आपल्याला वाचवले, त्यांची धार बोथट होत चालली आहे. औषधांना न जुमानणाऱ्या जंतूंमुळे २०१९ या एका वर्षात जगभरात सुमारे १२ लाख ७० हजार माणसे दगावली, असा अंदाज आहे. सर्दीलाही चार गोळ्या मागून घ्यायच्या, दोन खाऊन दोन फडताळात ठेवायच्या, ही आपली सवय त्यामागे आहे. २०१४ पासून अनेक प्रतिजैविकांच्या विक्रीवर भारतात कडक नोंदीचे बंधन आले. पण सवय कायद्याने लगेच जात नाही.

आपल्याकडचे सर्वांत ठसठशीत उदाहरण नायट्याचे. गेल्या दहा-बारा वर्षांत देशभर नायटा, गजकर्ण यांची अशी साथ आली आहे, की पूर्वी दोन आठवड्यांत बरे होणारे चट्टे महिनोन्महिने हटत नाहीत. दुकानातून चिठ्ठीशिवाय घेतलेली स्टेरॉइडमिश्रित मलमे हे त्याचे एक मोठे कारण आहे. खाज चटकन थांबते आणि बुरशी आत फोफावते. रोवणीच्या दिवसांत सकाळपासून संध्याकाळपर्यंत चिखलात पाय रोवून वाकलेल्या बायकांच्या बोटांच्या बेचक्यांत चिखल्या होतात, हे भंडाऱ्यात कोणाला सांगायला नको. त्वचेवरची बुरशी हेच असे क्षेत्र आहे, जिथे तिखाडीच्या, ओव्याच्या तेलांनी प्रयोगशाळेत चांगली आशा दाखवली आहे. त्यातून योग्य मात्रेचे, त्वचा न पोळणारे, स्वस्त मलम निघू शकेल का? हा प्रश्न माणसांवर रीतसर चाचण्या करूनच सुटेल. तोवर निव्वळ तेल जखमेवर ओतणे शहाणपणाचे नाही.

धान्याच्या कोठाराचेही तसेच. कणगीत धान भरताना निर्गुडीचा किंवा कडुनिंबाचा पाला थरांमध्ये घालण्याची रीत खेड्यांतून होती. साठवलेल्या दाण्यावरची बुरशी आणि सोंडे रोखण्यासाठी सुगंधी तेलांवर आज जगभर काम चालू आहे. इथे रोग्याच्या रक्तात काही पोहोचवायचे नसते, म्हणून वाटही थोडी सोपी आहे.

पारंपरिक ज्ञान आणि प्रयोग यांची गाठ नीट पडली तर काय होते, याचे उदाहरण चीनच्या तू यूयू यांचे आहे. हिवतापावर औषध शोधताना त्यांनी चौथ्या शतकातल्या वैद्यकाच्या पोथीत एका वनस्पतीचा उल्लेख पाहिला. ही वनस्पती आपल्या दवण्याच्याच गोतातली. पोथीत काढा उकळायला सांगितला नव्हता, पाण्यात भिजवून पिळायला सांगितला होता. त्यावरून उष्णतेने गुण जात असावा, हे त्यांनी ताडले आणि कमी तापमानावर अर्क काढला. १९७२ मध्ये त्यातून आर्टेमिसिनिन हे शुद्ध द्रव्य हाती आले. २०१५ मध्ये तू यूयूंना नोबेल मिळाले. पोथीने वाट दाखवली, पण औषध ठरले ते गाळून, मोजून, रोग्यांवर पारखून.

वहीत उतरलेले रान

आपल्या पोथ्या मात्र पुष्कळदा माणसांच्या डोक्यातच असतात. झाडीपट्टीतल्या गोंड वैदूला, सुईणीला, रानात जन्म काढलेल्या म्हाताऱ्याला कुठला पाला कोणत्या महिन्यात तोडायचा हे माहीत असते. ते लिहिलेले नसते. लिहिलेले नसले की काय होते, हे हळदीच्या प्रकरणाने शिकवले. जखमेवर हळद लावण्याचे पेटंट अमेरिकेत १९९५ मध्ये दिले गेले. डॉ. रघुनाथ माशेलकरांच्या नेतृत्वाखालील वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषदेने ते आव्हान देऊन १९९७ मध्ये रद्द करवले, ते आजीबाईंच्या साक्षीवर नव्हे. जुन्या ग्रंथांतले उतारे आणि १९५३ सालचा शोधनिबंध दाखवता आला म्हणून.

भंडारा, साकोली, तुमसर, पवनीच्या महाविद्यालयांत वनस्पतिशास्त्र शिकणारी मुले याच गावांतून येतात. दिवाळीच्या सुट्टीत प्रत्येकाने आपल्या आजीला विचारून दहा वनस्पतींची वही केली: कुठे उगवते, कोणता भाग, किती, कसा, कशासाठी, आणि कशासाठी नाही; तरी फार मोठे काम होईल. ‘कशासाठी नाही’ हा रकाना विसरू नये. तो भरायला जुनी माणसेच लागतात.

आजीने तो भरून ठेवला होता, पण तिला लिहिता येत नव्हते. आम्हा नातवंडांना पुळी आली, पोट दुखले, ताप आला, की ती पाला वाटे, ओवा चाववी, निर्गुडीचा शेक देई. आणि आईला बजावी, “दोन दिस माहा पाला, तिसऱ्या दिसी डाक्टरले दाखव.” तान्ह्या बाळासाठी तर तिला दोन दिवसही मंजूर नव्हते. एवढा नेमका नियम तिने कुठल्या ग्रंथात वाचला नव्हता. त्याची किंमत तिने आधीच मोजलेली होती.

गेल्या हिवाळ्यात गावी गेलो. धान कापून झाले होते आणि आमच्या बांधीत मुंडीचे जांभळे गोंडे फुलले होते. एक तोडून खिशात टाकला. नागपूरला पोहोचेपर्यंत शर्टाला वास येत होता. त्यात नेमके काय आहे, कोणत्या जंतूला ते अडवते आणि कोणत्याला नाही, हे थाळीत पाहता येईल. आमच्या घरातल्या बारावीच्या मुलीने तो गोंडा वहीत चिकटवला आहे. खाली गावाचे नाव, तारीख आणि मुंडी असे लिहून तिने दोन रकाने आखले आहेत. दोन्ही अजून कोरे आहेत.